पिवळा डीटी-८३०डी मीटर गाडीच्या एसीला कितपत पुरतो?

तालुक्याच्या गावी इलेक्ट्रिकलच्या कोणत्याही दुकानात हा पिवळा मीटर टांगलेला दिसतो. किंमत साधारण दोनशेच्या आसपास. डब्यावरचं नाव दर दुकानात वेगळं असतं, आतला माल जवळपास तोच. कास्तकार तो घेतात इन्व्हर्टरची बॅटरी बघायला नाहीतर मोटरसायकलच्या वायरिंगला. गाडीच्या एसीसाठी तो कामाचा आहे का, एवढाच प्रश्न इथे घेतला आहे. उत्तर आधीच सांगून टाकतो. बारा व्होल्टची गाडी आणि मॅग्नेट क्लचवाला (म्हणजे विजेच्या चुंबकाने पुलीला जोडला जाणारा) कॉम्प्रेसर असेल, तर एसीतले बहुतेक विजेचे दोष हा मीटर शोधून देतो. मात्र सोबत २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब हवा, आणि मीटर कुठे फसवतो हे माहीत हवं.

विदर्भात या प्रश्नाला वजन आहे. एप्रिल-मेमध्ये चंद्रपूर, ब्रह्मपुरी, वर्धा, अकोला या पट्ट्यात पारा ४५ च्या आसपास असतो आणि नेमका तेव्हाच एसी सुटतो. गाडी दुकानात नेली की पहिलं वाक्य ऐकू येतं, "गॅस कमी झाला असंन भाऊ." गॅस भरायच्या एका बिलात असे चार-पाच मीटर येतील. म्हणून आधी हे समजून घ्या. आर-१३४ए गॅसच्या सिस्टिममध्ये थोडाफार द्रव गॅस उरलेला असेल, तर बंद गाडीतही दाब बाहेरच्या तापमानाप्रमाणे राहतो. ३० अंशांना साधारण ९७ पीएसआय (दाबाचं माप), ४० अंशांना १३३ च्या आसपास. दाब फार उतरला की क्लच तोडणाऱ्या प्रेशर स्विचचा खालचा कट बहुतेक गाड्यांत ३० पीएसआयच्या जवळ असतो. म्हणजे गॅस निम्मा असला तरी उभ्या गाडीत स्विच जोडलेलाच असतो आणि बटण दाबल्यावर क्लच एकदा तरी खटकन् लागायला हवा. तो अजिबातच लागत नसेल, तर गॅस जवळपास संपलेला आहे, नाहीतर दोष विजेचा आहे. "थोडा कमी आहे" हे त्याचं कारण होऊ शकत नाही.

आता मीटर. ८३०बी आणि ८३०डी दिसायला सारखेच, पण बझर (लाईन जोडलेली असली की वाजणारा) डीमध्येच आहे, तेव्हा डी घ्या. डायलवर एसीच्या कामाच्या खुणा मोजक्याच: डीसी व्होल्टची २० ची रेंज, २०००एम ची रेंज, ओहमची २०० आणि २०के, डायोडची आणि बझरची खूण, आणि १० अँपिअर. बाकीची विसरून चाला. २० च्या रेंजवर शतांश व्होल्टपर्यंत आकडा मिळतो, गाडीला तेवढा खूप झाला. २०००एम म्हणजे दोन व्होल्टपर्यंत, मिलिव्होल्टमध्ये. व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे वाटेत किती व्होल्ट खाल्ले जातात ते, बघायला ही रेंज फार उपयोगी पडते आणि याच किमतीत ती मिळते, हे या मीटरचं खरं मोल.

सुरुवात रिलेच्या (छोट्या करंटने मोठा करंट जोडणाऱ्या स्विचच्या) सॉकेटपासून करावी, काहून की एसीचं वायरिंग तिथे दोन भागांत तुटतं. एका बाजूला ताकदीची लाईन: बॅटरी, फ्यूज, रिले, क्लच कॉइल, अर्थिंग. दुसऱ्या बाजूला परवानगीची लाईन: एसीचं बटण, ब्लोअरचा स्विच, कूलिंग कॉइलचा सेन्सर, प्रेशर स्विच, आणि नव्या गाडीत इंजिनचा ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर). रिलेवर ३०, ८५, ८६, ८७ असे आकडे असतात. काही गाड्यांत १, २, ३, ५ असतात, त्यात १-२ कॉइलचे आणि ३-५ काँटॅक्टचे. पहिला स्वस्त उपाय म्हणजे त्याच नंबरचा हॉर्नचा रिले इथे लावून बघणं. त्याने एसी चालू झाला तर मीटर पेटीतून काढायचीही गरज नाही.

नाही झाला, तर रिले उपसून ठेवा आणि सॉकेटमध्ये मोजा. चावी चालू करून, काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि लाल ३० नंबरला: बॅटरीइतकाच, म्हणजे बारा-साडेबारा व्होल्ट आला पाहिजे. नाही आला तर फ्यूज. फ्यूज डोळ्याने बघून सोडू नका. वरच्या दोन्ही उघड्या टोकांवर पिन टेकवून बघा, दोन्हीकडे व्होल्टेज हवं. मग चावी बंद करा, मीटर २०० ओहमवर ठेवा आणि ८७ च्या खाचेतून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत ओहम मोजा. गाडीखाली न शिरता क्लच कॉइलचा ओहम इथेच मिळतो. साधारण तीन ते चार यायला हवा. १ आला, म्हणजे डाव्या कोपऱ्यात नुसता एक आकडा, तर लाईन तुटली आहे: वायर, कपलर (वायरींचा जोड) किंवा कॉइल. काही कॉम्प्रेसरच्या कॉइलमध्ये थर्मल फ्यूज असतो. कॉम्प्रेसर जाम होऊन क्लच घासत राहिला, की तो आतल्या आत उडतो आणि कॉइल कायमची ओपन होते. तिथे नुसती कॉइल बदलून भागत नाही, आधी कॉम्प्रेसर हाताने फिरतो का ते बघावं लागतं.

या ओहमच्या मापातच मीटर पहिल्यांदा फसवतो. सोबतच्या वायरी बारीक असतात, त्यांचाच ओहम अर्ध्याच्या आसपास असतो. दोन्ही पिना एकमेकींना टेकवून आलेला आकडा आधी लिहून ठेवा, मग तो वजा करा. एरवी ठीक असलेली कॉइल चार-साडेचार दाखवेल आणि तुम्ही उगाच संशय घ्याल. ब्लोअरच्या रेझिस्टरमध्ये तर ही चूक फारच महागात पडते, तिथले ओहमच एकाच्या आगेमागे असतात.

बझरवरही फार भरवसा नको. काही ओहमचा अडथळा असला तरी तो मजेत वाजतो. आणि क्लचच्या लाईनीत दोन ओहम म्हणजे लय मोठी गोष्ट आहे. समजा कॉइल ३.६ ओहमची आहे आणि बॅटरी १२.६ व्होल्टची: करंट साडेतीन अँपिअर. त्याच लाईनीत कपलर काळा पडून दोन ओहम वाढले, की करंट सव्वादोनवर येतो आणि कॉइलला मिळतात जेमतेम आठ व्होल्ट. क्लच ओढला जात नाही किंवा घसरतो. बझर मात्र "लाईन चांगली आहे" म्हणून वाजत राहतो.

व्होल्टमध्येही हीच गोष्ट. मीटर स्वतः जवळपास करंट घेतच नाही. वायरचा एकच तार शाबूत असेल, बाकी उंदराने कुरतडलेले असतील, तरी मोकळ्या कपलरवर मीटर पूर्ण बारा व्होल्ट दाखवेल. म्हणून २१ वॅटचा एक फिलामेंटचा बल्ब, होल्डर, दोन हात वायर आणि दोन मगर-क्लिप, असा टेस्ट लॅम्प बनवून सोबत ठेवा. हा बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो. क्लचच्या कपलरवर तो भक्क पेटला तर लाईन खरी, मिणमिणला तर वाटेत कुठेतरी सडलं आहे. एलईडीचा टेस्टर या कामाला निकामी. आणि हा बल्ब सेन्सरच्या किंवा ईसीएमच्या वायरीला चुकूनही लावायचा नाही, तिथे मीटरच हवा. एवढा करंट आतला ट्रान्झिस्टर सोसणार नाही.

सापडलेल्या खराब लाईनीत नेमका कुठे बिघाड आहे, हे काढायला पुन्हा मीटर. रिले जागेवर, इंजिन चालू, एसी चालू, ब्लोअर फुल. लाल पिन बॅटरीच्या पॉझिटिव्हला, काळी क्लचच्या पॉझिटिव्ह वायरला, कपलरच्या मागून टाचणी घालून. वायरला भोक पाडू नका, पावसाळ्यात त्याच भोकातून पाणी शिरून तांबं हिरवं होतं. अर्ध्या व्होल्टच्या आत आकडा असेल तर पुढे चला. जास्त असेल तर काळी पिन मागे-मागे सरकवा: आधी ८७, मग ३०, मग फ्यूज. जिथे आकडा एकदम पडतो, दोष त्याच्या पुढच्या, म्हणजे क्लचकडच्या, तुकड्यात. नुसत्या रिलेच्या काँटॅक्टवर ०.२ च्या वर गेला तर रिले जळका. अर्थिंगसाठी लाल पिन कॉम्प्रेसरच्या बॉडीवर आणि काळी बॅटरी निगेटिव्हवर: ०.२ व्होल्टच्या आत हवं. आपल्याकडे काळ्या मातीचा चिखल, वरून तेल, त्यावर पुन्हा फुफाटा, असा थर ब्रॅकेटवर बसतो आणि अर्थिंगचा पट्टा आतून सडतो. वणी-चंद्रपूरकडे कोळशाची भुकटी त्यात भर घालते. बोल्ट सोडून, घासून, पुन्हा आवळला की काम होतं.

इंजिन चालू असताना मोजायचं, तर डोक्याला बांधलेला दुपट्टा आधी काढून ठेवा. कंडेन्सरचा फॅन न सांगता सुरू होतो.

एक तक्रार इथल्या उन्हाळ्यात वारंवार येते: सकाळी एसी झकास, दुपारी अर्ध्या-पाऊण तासाने क्लच सुटतो, थंड झाल्यावर पुन्हा लागतो. याला सर्रास "गॅस" किंवा "सेन्सर" म्हणतात. तापल्यावर तांब्याचा ओहम वाढतो, दर अंशाला साधारण ०.३९ टक्के. २० अंशांना ३.६ ओहमची कॉइल १०० अंशांना पावणेपाचच्या आसपास जाते. ओढ कमी होते. त्यात क्लचची फट झिजून वाढलेली असली की कॉइल प्लेटला ओढूच शकत नाही. फट फीलर गेजने (मापाच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. बहुतेक क्लचना ०.३ ते ०.६ मिलिमीटर लागते, गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. जास्त असेल तर मधला नट सोडून एक शिम (पातळ चकती) कमी करायचा. हा दोष मीटरने असा ओळखावा: क्लच सुटला त्याच क्षणी कपलरवर व्होल्टेज आहे का ते बघा. साडेबारा-तेरा व्होल्ट येत असताना क्लच सुटलेला असेल, तर फट किंवा कॉइल. व्होल्टेजच गेलं असेल, तर परवानगीच्या लाईनीकडे वळा. ही तपासणी गाडी तापलेली असतानाच करायची असते, सावलीत थंड करून आणलेल्या गाडीत काहीच सापडत नाही.

परवानगीची लाईन बघायची म्हणजे रिलेच्या सॉकेटमध्ये ८५ आणि ८६ मध्ये मोजायचं, इंजिन आणि एसी चालू ठेवून. बारा-चौदा व्होल्ट आला तर वरून हुकूम येतो आहे, दोष ताकदीच्या बाजूला. नाही आला तर प्रेशर स्विच गाठा. दोन पिनांचा असेल तर कपलर काढून स्विचच्या पिनांवर बझर लावा. वाजला नाही, तर एक तर गॅस नाही किंवा स्विच मेला, आणि हे दोन्ही वेगळे करायला गॅसचा दाब मोजणारं गेज लागतंच, मीटरने होणार नाही. कपलर तारेने जोडून क्लच लागतो का बघायचं तर दोन-चार सेकंदच. ती तार तशीच ठेवून गाडी रस्त्यावर काढणारे कारागीर आहेत, आणि पुढे कॉम्प्रेसर जाम होतो. गॅससोबतच तेल फिरतं, गॅस नसेल तर तेल कॉम्प्रेसरपर्यंत परतच येत नाही. तीन वायरींचा असेल तर तो स्विच नसून प्रेशर सेन्सर असू शकतो: एकीवर ५ व्होल्ट, एक अर्थिंग, तिसरीवर दाबाप्रमाणे साधारण अर्धा ते साडेचार व्होल्ट. तिथे तार जोडायचीच नाही.

कूलिंग कॉइलचा सेन्सर २०के रेंजवर मोजा. थंड झाल्यावर त्याचा ओहम वाढला पाहिजे. बर्फाच्या पाण्यात बुडवून आकडा सरळ चढतो का, एवढंच बघा, नेमका आकडा गाडीगणिक वेगळा. तुटलेला सेन्सर कंट्रोलला "बर्फ जमला" असं भासवतो आणि क्लच लागूच देत नाही.

गाडी उभी असताना एसी सुटतो आणि हायवेला पुन्हा थंड होतो, तर आधी कंडेन्सरचा फॅन. फॅन न फिरल्याने दाब वाढून प्रेशर स्विच वरच्या कटला, साधारण ४५० पीएसआयला, तोडतो. फॅनच्या कपलरवर टेस्ट लॅम्प लावा. पेटला आणि फॅन गप्प, तर मोटर गेली.

ब्लोअर फक्त शेवटच्या नंबरवर चालत असेल तर रेझिस्टर गेला, कारण शेवटचा नंबर रेझिस्टरला टाळून थेट जातो. इथे मीटरचं काम थोडंच. पण नुसता रेझिस्टर बदलून गाडी सोडणारे ग्राहकाला दोनदा बोलावतात. धुळीने मोटरचा बुश जड झाला की करंट वाढतो, आणि केबिन फिल्टर कोंदला की रेझिस्टरवरून जाणारा वारा कमी होतो. दोन्हींत तो तापून उडतो. जिनिंगच्या हंगामात कापसाचा तंतू फिल्टरमध्ये अक्षरशः गादीसारखा बसतो. फिल्टर झटका, मोटर हाताने फिरवून बघा, कपलर वितळलाय का बघा, मगच नवा रेझिस्टर.

ब्लोअरचा करंट मात्र या मीटरने मोजू नका. फुलवर तो १५-२० अँपिअरवर जाऊ शकतो, मीटरची हद्द १० ची आणि तीही काही सेकंदांची. क्लचचा मोजता येतो: इंजिन बंद, चावी चालू, रिले काढून मीटर १० अँपिअरवर, पिना ३० आणि ८७ च्या खाचांत. क्लच खटकन् लागेल आणि तीन ते चार अँपिअर दिसेल. दहा सेकंदांच्या आत काढा. सहाच्या वर आला तर कॉइलचे वेढे आतून शॉर्ट. रिले लागताच फ्यूज उडत असेल तर क्लचच्या लाईनीतला डायोड सुटा करून डायोडच्या रेंजवर तपासा, दोन्हीकडून वाजला तर तो शॉर्ट आहे. उडालेल्या १० च्या लाल फ्यूजच्या जागी २० चा पिवळा घालणं किंवा त्याला तार गुंडाळणं म्हणजे वायरिंगलाच फ्यूज बनवणं.

या मीटरचा सगळ्यात मोठा दोषही याच १० अँपिअरच्या सॉकेटमध्ये आहे. त्याला आतून फ्यूज नाही. करंट मोजून झाल्यावर लाल वायर तिथेच राहिली आणि पुढच्या वेळी तुम्ही बॅटरीवर व्होल्ट मोजायला गेलात, की तो सरळ शॉर्ट. वायर हातात वितळते. काम झालं की लाल वायर आधी व्होल्टच्या सॉकेटमध्ये परत, ही सवय लावूनच घ्यावी लागते. दुसरा दोष: आतली ९ व्होल्टची बॅटरी उतरली की मीटर जास्त आकडे दाखवतो. बारा साडेबाराची बॅटरी चौदा दिसते आणि अल्टरनेटर चांगला वाटतो. दुकानातून आणलेला नवा पेन्सिल सेल दीड-पावणेदोनच्या मध्ये, १.६ च्या जवळ आला नाही तर आधी मीटरची बॅटरी बदला. ऑटो-ऑफ नाही, डायल आठवणीने ऑफवर न्या. पिनांच्या मानेशी वायर तुटते, ती मे महिन्यात डॅशबोर्डवर ठेवलेल्या मीटरमध्ये फार लवकर.

उंदराने कापलेली वायर सापडली तर पिळून टेप लावू नका. बोनेटखालच्या तापाने टेपचा गोंद सुटतो आणि पुढच्या उन्हाळ्यात तोच सांधा व्होल्ट खातो. सोल्डर करा, वरून हीट-श्रिंक नळी.

क्लच नसलेल्या, व्हॉल्व्हने चालणाऱ्या कॉम्प्रेसरच्या गाड्यांत हा मीटर लंगडा पडतो. तिथला सिग्नल झटक्या-झटक्यांचा असतो, मीटर त्याची नुसती सरासरी दाखवतो. ऑटोमॅटिक क्लायमेटवाल्या गाड्यांनाही स्कॅनर लागतो. ब्लोअर आणि फॅनचे मोठे करंट ज्यांना रोज बघायचे, त्यांनी क्लॅम्प मीटर घ्यावा, पण डब्यावर डीसी अँपिअर लिहिलंय का ते आधी वाचा. बाजारातले बरेच स्वस्त क्लॅम्प फक्त घरच्या लाईनीसारखा एसी (उलटसुलट) करंट मोजतात, गाडीत ते शून्यच दाखवतील. आणि हाच पिवळा मीटर बोअरच्या थ्री-फेज स्टार्टरमध्ये घालू नका. डायलवर ७५० लिहिलेलं असलं तरी ४१५ व्होल्टच्या पेटीत शिरण्याइतकं त्याचं इन्सुलेशन आणि त्याच्या पिना नाहीत.

घेताना दुकानातच पेन्सिल सेल मोजून बघा, पिना टेकवून बझर वाजवा, डायल दोनदा पूर्ण फिरवून आकडे उड्या मारतात का बघा. जाड सिलिकॉनच्या वायरींची जोडी वेगळी मिळाली तर घ्याच, मीटरइतकी किंमत पडली तरी.